सोमवारची गोळी

माझा मोठा भाऊ भाषणाला उभा राहिला की लोक घड्याळाकडे बघत नसत. बघून उपयोग नसे. तो मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाला, पण फक्त शाळेतून. अमडापूरच्या आसपास कुठे हळदीकुंकू सोडून कोणताही कार्यक्रम असला की अध्यक्षाच्या खुर्चीवर तोच असायचा. त्याच्या कपाटात सत्काराच्या शाली एवढ्या साचल्या होत्या की घरात रजया विकत घ्यायची वेळ कधी आली नाही. हिवाळ्यात आमच्या घरी मुक्कामाला येणारा पाहुणा कुठल्या ना कुठल्या संस्थेची कृतज्ञता पांघरून झोपायचा.

अशा माणसाची भाषणं एकाएकी आखूड होऊ लागली तेव्हा गावाने ते वयाबरोबर आलेलं शहाणपण मानलं. मी पहिल्या रांगेत बसून बघायचो, मला वेगळंच दिसत होतं. तो माइकसमोर उभा राहिला की उजवा हात जॅकेटच्या खिशात जायचा, मग चेहऱ्यावर एक दूरचा, ध्यानस्थ भाव यायचा, आणि तो "वेळेअभावी एवढंच बोलतो" म्हणून खाली बसायचा. बसल्यावर खुर्चीत जरा पुढेमागे सरकायचा. लोकांना वाटायचं, विचारमग्न आहेत. माणूस एवढा विचारमग्न फक्त एकाच कारणाने होतो, ते ज्याला झालंय त्यालाच कळतं.

त्याने मला सांगितलं ते शेताच्या बांधावर, आजूबाजूला बैल सोडून कोणी नाही याची खात्री करून.

"लहान्या, एक गोष्ट हाये. वयनीले मालूम हाये, तुले सांगून राह्यलो. तिसऱ्याले नाही."

"गजकर्ण झालं का?"

"तुले कोनं सांगतलं बे?"

"तुझ्या भाषणांनी."

तो रागावला नाही. असं आधी कधी झालं नव्हतं, म्हणून मी समजलो की प्रकरण बरंच पुढे गेलंय.

ते गेलंही होतं. मांड्यांच्या सांध्यातून सुरू होऊन कमरेच्या पट्ट्याभोवती फिरून पाठीवर चढलं होतं. आधी त्याने सगळे करतात तेच केलं. गावातल्या मेडिकलवाल्याकडून एक ट्यूब आणली. ती ट्यूब आमच्या तालुक्यात घरोघरी असते. तिच्यात चार-चार औषधं एकत्र असतात, आणि त्यातलं एक असं असतं की लावल्याबरोबर आग थांबते, डाग फिका पडतो, आणि माणूस मेडिकलवाल्याला दुवा देतो. मग लावायचं थांबवलं की तेच गजकर्ण दुप्पट जागा घेऊन परत येतं. मग पुन्हा ट्यूब. ती एकच ट्यूब घरात सगळ्यांना पुरायची. वहिनी मानेला लावायच्या, पुतण्या काखेत, सूनबाई पायाला. ट्यूब देवघराशेजारच्या कोनाड्यात असे, आणि तिची प्रतिष्ठा अंगाऱ्यापेक्षा थोडीच कमी होती.

"मग डॉक्टरला दाखव," मी म्हणालो.

"कोनत्या?"

"तुझा शुगरचा डॉक्टर आहे ना चिखलीत. तो सांगेल कुठं जायचं."

यावर तो बैलाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "त्याले नाही सांगत."

चिखलीचा तो डॉक्टर त्याचा विद्यार्थी. आणि माझा भाऊ शाळेत ज्या एका गोष्टीसाठी प्रसिद्ध होता ती म्हणजे स्वच्छता. प्रार्थनेनंतर तो ओळीतून फिरायचा: नखं, कान, मान, कॉलरची आतली बाजू. ज्याच्या अंगावर खरूज किंवा डोक्यात नायटा दिसेल त्याला ओळीतून बाहेर काढून कडुनिंबाखाली उभं करायचा, सगळ्यांना दिसेल असं. "हा रोग गरिबीचा नाही, आळसाचा आहे," हे त्याचं वाक्य दोन पिढ्यांना पाठ होतं. आता हा आळस त्याच्याच पट्ट्याखाली गोल गोल फिरत होता. ज्या मुलांना त्याने कडुनिंबाखाली उभं केलं त्यांतल्या एकासमोर जाऊन हे बोलायचं म्हणजे त्याच्या दृष्टीने निवृत्तीनंतरची सगळी अध्यक्षपदं एका दमात परत करणं होतं. तो खाजेला भीत नव्हता, मानाला जपत होता. त्या जपण्यात त्याचा जीव जायची वेळ येईल हे तेव्हा आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

शेवटी आम्ही बुलढाण्याला गेलो, कारण तिथे कातडीच्या डॉक्टर आहेत आणि तिथे आपल्याला कोणी ओळखत नाही अशी त्याची समजूत होती. बसस्टँडपासून दवाखान्यापर्यंत चार जणांनी त्याला नमस्कार केला. चारही जणांना त्याने सांगितलं की धाकट्या भावाला दाखवायला आणलंय. मी चेहरा आजारी करून उभा राहिलो.

आत जाताना त्याने मला बाहेरच बसवलं. डॉक्टरीणबाई होत्या, वयाने त्याच्या मुलीएवढ्या, आणि दाखवायची जागा ती. माझ्यासमोर धोतर-पायजम्याची चर्चा होऊ नये एवढीच त्याची इच्छा होती, आणि ती मला मान्य होती. बाहेर आला तेव्हा चेहऱ्यावर परीक्षा सुटल्यासारखा आनंद होता.

"ट्यूब फेकून द्या म्हने. तिनंच वाढलं म्हने. एकच साधं मलम देल्लं. डाग गेल्यावरबी लावत राहाचं म्हने. घरात टॉवेल अलग, कपडे अलग, गरम पान्यात धुवून उन्हात वाळवा. आन् एक गोळी, आठवड्यातून एकदा."

"बाकी काही विचारलं?"

"इचारलं ना. लिव्हरचा काही त्रास झाला का, दारू घेता का. लघवी लई पिवळी झाली, डोये पिवळे झाले, जेवन नकोसं झालं तं गोळी बंद करून येजा म्हने." त्याने थांबून माझ्या डोळ्यांत बारकाईने पाहिलं. "तुये डोये जरासे पिवळेच हायेत."

पुढचे काही दिवस घरातल्या सगळ्यांनी खालची पापणी ओढून त्याला डोळे दाखवले. स्वच्छतेची तपासणी त्याच्या हाती परत आली होती, आणि तो खुशीत होता.

वहिनींनी धुण्याचा भाग मनावर घेतला. अंगणात चूल मांडून पातेल्यात पाणी उकळलं, आणि घरातलं अंगाला लागणारं एकूण एक कापड त्यात गेलं. सगळ्यात शेवटी शाली. कारण डॉक्टरीणबाईंनी विचारल्यावर कळलं होतं की रात्री कोणती शाल कोण घेतो याला घरात काही नियम नाही. त्या दिवशी अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरीवर भावाची सगळी सार्वजनिक कारकीर्द वाळत होती. रस्त्याने जाणारे थांबून बघत होते. "कार्यक्रम हाये का काही?" एकाने विचारलं. वहिनी म्हणाल्या, "हाव. आमच्या घरी आज शालींचा सत्कार हाये."

गोळीचा वार मात्र भावाने स्वतः ठरवला, आणि तिथेच चूक झाली. चूक अशी की ती दुसऱ्या कुठल्या माणसाला सुचलीच नसती.

आठवड्यातून एकदाची गोळी विसरू नये म्हणून बाईंनी त्याला एक वार पक्का करायला सांगितलं होतं. त्याला जगात एकच वार पक्का माहीत होता. तो तरुणपणापासून सोमवार धरतो. दिवसभर चहा, संध्याकाळी महादेवाला बेल वाहून फराळ. म्हणून गोळी त्याने देवघरात, भस्माच्या डबीशेजारी ठेवली. सोमवारी सकाळी पूजा झाली की तीर्थ, त्यामागे ती गोळी. असं केल्यावर विसरायचा प्रश्नच नव्हता. त्याच सकाळी साखरेची गोळीही तो घ्यायचा, कारण "उपास असला तरी गोळी चुकवाची नाही, शिस्त म्हंजे शिस्त." साखरेची गोळी, उपास आणि खाजेची गोळी अशा तीन शिस्ती त्याने एकाच सकाळी एकत्र बसवल्या. त्या एकमेकींच्या जिवावर उठतील ही शंका त्याला येण्याचं कारण नव्हतं. मलाही आली नाही. मला तर वार कोणता हेच माहीत नव्हतं.

खाज मात्र खरोखर कमी झाली. भाषणं पुन्हा लांबू लागली. गावाने सुस्कारा सोडला, पण तो सुटकेचा नव्हता.

मग तो साखरखेर्ड्याच्या बाजूच्या एका गावातला कार्यक्रम आला. गावात नवी व्यायामशाळा बांधली होती, आणि भाऊ अध्यक्ष. मी आणि वहिनीही गेलो होतो, वहिनींचं माहेर शेजारच्याच गावात म्हणून. मंडपात मोठा फलक होता, 'आरोग्य हीच खरी संपत्ती', आणि त्याखाली आरोग्याबद्दल बोलायला आलेले सहा जण बसले होते, ज्यांतल्या एकालाही त्या व्यायामशाळेच्या दारातून सरळ आत जाता आलं नसतं. वार सोमवार. वेळ सकाळची. प्रमुख पाहुणे निघालेत, रस्त्यात आहेत, पोचतच आहेत असं करत करत दुपार टळली. मंचावर चहा फिरत होता. बिनसाखरेचा, कारण अध्यक्षांना शुगर आहे हे आयोजकांना माहीत होतं आणि त्यांनी ते आदराने सगळ्यांनाच लागू केलं होतं.

शेवटी गाड्यांचा ताफा आला. पाहुण्यांनी फीत कापली, त्यांचं भाषण झालं, आणि अध्यक्षीय समारोपासाठी भाऊ उभा राहिला.

"इथं जमलेल्या," तो म्हणाला, आणि थांबला. "इथं जमलेले सगळे... कायले जमले बे?"

मंडप हसला. मीही हसलो. भाऊ मंचावर कधी वऱ्हाडी बोलत नसे. घरी बैलाशी आणि माझ्याशी, मंचावर पुस्तकी.

"पाहुने येतात. फीत कापतात. जेवून जातात." त्याने पाहुण्यांकडे बोट केलं. "एक फीत कापाले एवढा मोठा मानूस काऊन लागते? आमच्या घरी कापडं आमची सूनबाई कापते."

शिट्ट्या वाजल्या. मागच्या रांगेतून कोणी ओरडलं, "सर, होऊन जाऊ द्या!" मी अभिमानाने ताठ बसलो. आयुष्यभर मी ज्याची वाट बघत होतो ते भाषण माझा भाऊ आज करतोय असं मला वाटलं. पाहुणे तोंडभर हसत होते, तसं हसण्याची त्यांना सवय असते.

"आमच्या घरी कापडं आमची सूनबाई कापते," भाऊ पुन्हा म्हणाला. मग तिसऱ्यांदा. मग तो माइकची दांडी न्याहाळू लागला आणि तिला जॅकेटचं बटण लावायचा प्रयत्न करू लागला.

तेव्हा मला दिसलं की त्याच्या हनुवटीवरून घाम टपकतोय आणि जॅकेट काखेपासून काळं पडलंय. हात थरथरत होते. माझं हसू तोंडावरच राहिलं. मंडप अजून टाळ्या वाजवत होता.

बायकांच्या बाजूने वहिनी उठल्या, आणि खुर्च्यांमधून वाट काढत माझ्याजवळ आल्या.

"भाऊजी, हसून काय राह्यले? यायची साखर उतरली. चला!"

चिखलीच्या डॉक्टरांनी त्यांना कधीतरी सांगून ठेवलं होतं की दरदरून घाम, थरथर, भलतंच बोलणं असं दिसलं आणि माणूस शुद्धीवर असला, गिळू शकत असला, की आधी साखर द्यायची आणि मग विचार करायचा. आम्ही मंचावर चढलो. मी त्याला धरून खुर्चीत बसवलं. तो माझ्याकडे बघत होता, पण मी कोण हे त्याला उमगत नव्हतं. साठ वर्षांत माझ्या भावाने माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं. वहिनींनी पाहुण्यांच्या पुढ्यातला पेढ्यांचा बॉक्स, न विचारता, पाहुण्यांच्या हाताखालून ओढून घेतला.

"खा."

भावाने ओठ मिटले. आपण कुठे आहोत हे त्याला माहीत नव्हतं, समोर कोण आहे हे माहीत नव्हतं, पण एक गोष्ट त्याला पक्की माहीत होती.

"सोमवार हाये."

"खवा चालते सोमवारले!"

"दुकानचा हाये," तो म्हणाला, आणि पुन्हा ओठ मिटले.

"मंग पाप मले लागू द्या. महादेवाले मी सांगीन काय सांगाचं ते. उघडा तोंड!"

वहिनींना इतक्या मोठ्याने बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं, आणि माइक चालू होता. सगळ्या मंडपाला कळलं की अध्यक्षांना उपास आहे. टाळ्या थांबल्या. भावाने, बहुधा त्या आवाजाच्या धाकाने, तोंड उघडलं. पेढा गेला. चहावाल्याकडून साखर आणवली, ग्लासात ढवळली, आणि घोट घोट करून तो ग्लास पोटात गेला. आम्ही दोघं त्याच्या चेहऱ्याकडे बघत उभे होतो. मला आठवतं ते एवढंच की माझ्या हातातला त्याचा हात ओला आणि थंड होता, आणि मी, कुठल्याच देवाकडे काही न मागणारा, मनातल्या मनात महादेवाला दुकानचा खवा चालावा असं मागत होतो.

हळूहळू हात थरथरायचा थांबला. डोळे जागेवर आले. त्याने मला पाहिलं, वहिनींना पाहिलं, मंडपाकडे पाहिलं, घसा साफ केला, आणि आपल्या नेहमीच्या पुस्तकी मराठीत म्हणाला, "कार्यक्रमास सुरुवात करण्यास हरकत नसावी."

वहिनी तिथेच मंचाच्या कडेवर बसल्या आणि पदराने तोंड पुसत हसायला लागल्या, रडायला लागल्या, दोन्ही.

पाहुण्यांनी आपली गाडी दिली. हे मी त्यांच्या खात्यावर मांडतो. ज्यांची भर सभेत एवढी शोभा झाली त्यांच्याच गाडीतून, पुढे लाल पाटी आणि मागे दोन रिकाम्या गाड्या अशा थाटात माझा भाऊ चिखलीला आला. एवढ्या मानाचा प्रवास त्याने आयुष्यात केला नव्हता, आणि अर्धा वेळ तो वहिनींच्या खांद्यावर झोपेत होता.

चिखलीत डॉक्टरांनी बोटातून रक्त घेतलं आणि लगेच सलाईन लावलं. साखर थोडी वर आली, मग थोड्या वेळाने पुन्हा घसरली. डॉक्टरांच्या कपाळावर आठी पडली, आणि ती आठी बघून वहिनींनी माझं मनगट घट्ट धरलं. ग्लुकोज वाढवलं. पुन्हा रक्त. पुन्हा वाट. शेवटी आकडा वर आला आणि वरच राहिला, तेव्हा डॉक्टर स्टूल ओढून पलंगाजवळ बसले.

"सर, ही साखरेची गोळी तुम्ही कित्येक वर्षं घेता. सोमवारही कित्येक वर्षं करता. मी नको म्हणत असताना करता. पण असं कधी झालं नाही. मग आजच का? दुसरं कुठलं औषध चालू आहे का?"

"नाही," भाऊ म्हणाला. अध्यक्षीय ठामपणाने.

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

मी तोंड उघडणार तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "आन् ते सोमवारची?"

"सोमवारची म्हणजे?"

भाऊ खिडकीकडे बघू लागला. खिडकीत भिंत होती.

"देवापाशी असते ना ते गोळी," वहिनी म्हणाल्या. "तीर्थ घेतात आन् गोळी घेतात. आज तं दोन घेतल्या."

"दोन?"

"मागच्या सोमवारी लग्नाले गेलो होतो, राहून गेली. म्हनून आज दोन."

मग मी सांगितलं. गजकर्ण, बुलढाणा, ट्यूब, सगळं. भाऊ भिंतीकडे बघत होता आणि त्याचा कान लाल होत होता. मी त्याच्या मानाचा कचरा करत होतो हे मला कळत होतं, पण आठी पडलेलं ते कपाळ मी पाहिलं होतं.

डॉक्टरांनी तिथूनच बुलढाण्याच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. गोळीचं नाव विचारलं. मग ऐकत राहिले, मग म्हणाले, "नाही नाही, तुमची चूक नाही." फोन ठेवून ते भावाकडे वळले.

"सर, त्यांनी तुम्हाला विचारलं होतं. शुगर आहे का म्हणून. तुम्ही नाही म्हणालात."

"नाहीच हाये," भाऊ म्हणाला. "गोळी घेतो ना. गोळी घेतल्यावर रिपोर्ट नॉर्मल येते. तूच सांगतलं ना, 'सर, आता तुमची शुगर नॉर्मल हाये.'"

डॉक्टरांनी एक बोट वर केलं, मग खाली घेतलं. माझ्या मते त्यांना या युक्तिवादातली चूक सापडत होती, पण ती कुठून सांगायला सुरुवात करावी हे सापडत नव्हतं.

मग त्यांनी सोप्या शब्दांत सांगितलं. खाजेवरची ती गोळी वाईट नाही, पुष्कळांना लागू पडते. पण साखरेची गोळी काम झाल्यावर शरीरातून ज्या वाटेने निघून जाते ती वाट ही गोळी अडवते. म्हणजे रोजची एकच गोळी, पण आत ती रेंगाळते, साठते, दोन गोळ्यांसारखी वागते. त्यात पोट रिकामं. त्यात आज खाजेचीही डबल. "आणि विसरलेली गोळी पुढच्या गोळीला जोडायची नसते, सर. फोन करून विचारायचं. तुमच्या वर्गात मी एक दिवस आलो नाही तर दुसऱ्या दिवशी दोनदा हजेरी लावायचात का?"

"नाही," भाऊ म्हणाला.

"मग. आणि साखरेची गोळी उपासाला कशी घ्यायची ते मला विचारल्याशिवाय आता एकही उपास नाही. मला का नाही सांगितलंत, सर?"

भावाने भिंतीवरची नजर काढली. मला वाटलं आता तो काहीतरी पुस्तकी बोलेल. तो हळू आवाजात म्हणाला, "तुले कसं सांगू? तुले मी कडुनिंबाखाली उभं केलतं."

डॉक्टर हसले. "तिसरीत. डोक्यात नायटा होता. बरा होईपर्यंत येऊ नको म्हणालात. मी घरी बसून आजोबांकडून गंजिफाचे पत्ते खेळायला शिकलो. फार मजेत गेले ते दिवस."

"आळसाचा रोग म्हनलो होतो."

"म्हणाला होतात. तो बुरशीचा असतो, सर. आळशाला होतो तसा मुख्याध्यापकालाही होतो."

भाऊ म्हणाला, "पन तुयं डोक्याले होतं. डोकं दाखवता येते मानसाले. माह्यं कुठी हाये ते मालूम हाये का तुले?"

यावर डॉक्टर इतके हसले की बाहेरची नर्स दारातून डोकावली. मग वहिनी हसल्या, मग मी. शेवटी सलाईन लावलेल्या हाताने पलंगाची कड धरून भाऊही. मला वाटतं, त्या खोलीतून त्याचं खरं दुखणं तेव्हा गेलं.

त्यांनी त्याला रात्रभर ठेवून घेतलं, कारण गोळीचा जोर उतरायला वेळ लागतो. सकाळी तो इडली खात बसला होता आणि नर्सला नखं वाढल्याबद्दल बोलत होता, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "उतरला जोर."

पुढे दोन्ही डॉक्टरांनी आपसात बोलून काय ते ठरवलं. खाजेची गोळी बंद केली, साखरेची बदलली, मलम चालूच ठेवलं. लिव्हरची तपासणी केली, ती चांगली आली. गजकर्ण जायला वेळ लागला, पण गेलं, घरातल्या सगळ्यांचंच. मेडिकलवाल्याची ती ट्यूब वहिनींनी स्वतः कचऱ्यात टाकली. मंचावर आपण काय बोललो ते भावाला आजही आठवत नाही. वहिनी त्याला ते अधूनमधून ऐकवतात. तो म्हणतो, हे मी बोललोच नसेन. आणि मग विचारतो, टाळ्या पडल्या का?

मागच्या महिन्यात त्याच्या पायाच्या नखात काहीतरी दिसलं म्हणून आम्ही पुन्हा बुलढाण्याला गेलो. यावेळी त्याने मला आणि वहिनींना दोघांनाही आत नेलं. काखेत एक कापडी पिशवी होती, कुठल्याशा संस्थेने सत्कारात दिलेली. बाईंनी नख पाहिलं, यासाठी औषध बरेच महिने घ्यावं लागेल म्हणाल्या, आणि पेन हातात घेऊन विचारलं, "काका, सध्या दुसरी कुठली औषधं चालू आहेत?"

भाऊ उभा राहिला. खरंच उभा राहिला. जॅकेट सारखं केलं, पिशवीतून एकेक पाकीट काढून टेबलावर ओळीने मांडू लागला, आणि माइकसमोरच्या आवाजात म्हणाला, "सर्वप्रथम, माझ्या साखरेची धुरा सांभाळणारी ही गोळी. मागच्या वर्षीच बदलून आलेली आहे. त्यांच्या शेजारी रक्तदाबाचे हे ज्येष्ठ सहकारी. त्यानंतर हिवरा आश्रमाच्या यात्रेहून आणलेलं हे चूर्ण, ज्यात काय आहे हे मला माहीत नाही आणि म्हणूनच आणलं आहे..."

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि दोन्ही हातांवर हनुवटी टेकून ऐकू लागल्या. बाहेर पेशंटची रांग होती. मी घड्याळाकडे पाहिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं भाषण लांबावं असं मला वाटत होतं.

शेवटचं पाकीट मांडून झालं. "आणि एवढे बोलून मी माझे..."

"थांबा," वहिनी म्हणाल्या. "ते गॅसची कुठी हाये? तिचा सत्कार राह्यला."